शब्दचर्चा : अकिहाबारा हा 'जिल्हा' कसा काय?

प्रश्न

टोकियोतल्या अकिहाबाराबद्दल मराठीत काही वाचायला घेतलं की 'अ‍ॅनिमे जिल्हा' (अ‍ॅनिमे म्हणजे जपानी कार्टूनपट) असा शब्द आडवा येतो. जिल्हा म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे कलेक्टर कचेरी आणि तालुक्यांची यादी येते. इथे तर स्टेशनातून बाहेर पडून मोठ्या रस्त्याने सरळ चालत गेलं की दहा-पंधरा मिनिटांत सगळं संपतं. याला मराठीत म्हणायचं काय? आणि 'ओताकू', 'ओशी', 'मोए' यांचा नेमका अर्थ काय? भाचीच्या तोंडी रोज असतात, पण विचारलं की "मामा, तुला नाही कळणार" एवढंच उत्तर मिळतं.

उत्तर

'जिल्हा' हे इंग्रजी 'डिस्ट्रिक्ट'चं शब्दशः भाषांतर. आळी म्हणा की! तांबट आळी, कासार आळी, तशी ही. जपानीत या भागाला देन्की-गाई म्हणतात. देन्की म्हणजे वीज, गाई म्हणजे दुकानांचा रस्ता. स्टेशनाच्या ज्या दारातून गर्दी बाहेर पडते त्यावरही हेच नाव आहे. म्हणजे सरळसरळ 'वीजआळी'.

आळी आणखी एका कारणाने बसतं. आळीतला माल बदलतो, नाव राहतं. महायुद्धानंतर इथे रेडिओचे सुटे भाग विकणाऱ्या टपऱ्या होत्या. त्या पुढे रेल्वेच्या पुलाखाली गेल्या आणि आजही त्यातल्या काही तिथे आहेत: माणूस जेमतेम बसेल एवढा गाळा, पुढे चिमुकल्या खणांत सुटे स्विच, वायरी, दिवे. मग टीव्ही-फ्रिजचा काळ आला, मग कॉम्प्युटरचा. घरगुती उपकरणांचं गिऱ्हाईक उपनगरांतल्या मोठ्या दुकानांकडे वळलं, पण कॉम्प्युटरवाली पोरं इथेच येत राहिली. त्याच पोरांना गेम, मंगा म्हणजे जपानी चित्रकथा, आणि अ‍ॅनिमेतल्या पात्रांच्या मूर्ती हव्या असत. दुकानदारांनी गिऱ्हाईक ओळखलं, एवढंच. 'इथे अ‍ॅनिमेनगरी वसवू' असं काही कुणी ठरवलं नव्हतं.

पुरवणी

नावाचंही सांगून टाकतो. १८६९ साली इथे मोठी आग लागली. त्यानंतर जागा मोकळी ठेवली आणि आगीपासून रक्षण व्हावं म्हणून एक देऊळ उभारलं. लोकांनी समजूत करून घेतली की हा अकिबा देव. आगीपासून राखणारा म्हणून तोच प्रसिद्ध. म्हणून हे 'अकिबाचं मैदान'. १८९० साली तिथे मालगाड्यांचं स्टेशन झालं, आणि बा-हाची अदलाबदल होऊन अकिहाबारा हे नाव पक्कं झालं. बोलताना मात्र सगळे अजून 'अकिबा'च म्हणतात.

उत्तर

आता ओताकू. याचं भाषांतर 'वेडा', 'झपाटलेला' असं करतात, ते अर्थाच्या शेवटच्या टोकाला धरून. मूळ शब्दात वेड नाहीच, घर आहे. ताकू म्हणजे घर, ओ हा आदरार्थी. 'आपलं घर' यावरून 'आपण', म्हणजे आदराने 'तुम्ही'. मराठी माणसाला हे कळायला अवघड जाऊ नये. आपणही "तुमच्याकडे पाऊस झाला का?" असं विचारतो तेव्हा माणसाऐवजी घरालाच विचारत असतो. जुन्या पिढीत तर बायकोला 'कुटुंब' म्हणत, आणि जपानीत स्वतःच्या बायकोला 'कानाई' म्हणतात, म्हणजे घराच्या आतली.

गंमत अशी की ऐंशीच्या दशकात अ‍ॅनिमे-मंगाचे चाहते आपसांत बोलताना हा शब्द वापरत. समवयस्क, दोघंही विशीतले, आणि एकमेकांना 'आपण'! १९८३ मध्ये नाकामोरी आकिओ या लेखकाने एका मंगा मासिकात यावरून त्यांची टर उडवली आणि त्या जमातीचंच नाव ओताकू पडलं. १९८९ साली लहान मुलींच्या हत्यांच्या एका प्रकरणात पकडलेल्या आरोपीच्या घरी व्हिडिओ कॅसेटींचा ढीग सापडला, आणि बराच काळ हा शब्द शिवीसारखा झाला. आज पुष्कळ जण तो स्वतःला आपणहून लावतात, तरी अनोळखी माणसाला दुसऱ्याने लावू नये. मराठीत 'नादिष्ट' जवळचा वाटतो. 'नादखुळा' म्हटलं तर कोल्हापूरकर खूश होतील, पण त्यात कौतुक फार आहे.

शंका

मग मेड कॅफेत, म्हणजे मोलकरणीच्या पोशाखातल्या मुली वाढतात त्या कॅफेत, मुली "स्वागत आहे, मालक" म्हणतात असं जे छापून येतं, त्याचं काय? मला ते वाचवत नाही.

त्यावर

वाचवत नाही कारण भाषांतर इंग्रजीवरून आलंय. त्या म्हणतात 'ओकाएरिनासाइमासे, गोशुजिनसामा'. ओकाएरी हे स्वागत नव्हे. ते घरी परतलेल्या माणसाला म्हणतात. आपल्याकडे त्या जागी "आलात का?" असतं. आणि गोशुजिन म्हणजे घरधनी. दुसऱ्या बाईच्या नवऱ्यालाही हाच शब्द. खेड्यांत बायका "आमचे मालक" म्हणतात, अगदी तेच. तेव्हा 'मालक' चुकलेलं नाही, 'स्वागत' चुकलंय. "आलात का, मालक?" असं वाचा म्हणजे सगळं नाटक ध्यानात येईल: तुम्ही गिऱ्हाईक नाही, घरी परत आलेले धनी आहात, आणि ही मुलगी घरातली. बाई आली तर तिला ओजोसामा, म्हणजे ताईसाहेब. अकिहाबारात कायमचं असं पहिलं कॅफे २००१ साली निघालं. भातावर ऑम्लेट घालून त्यावर केचपने मांजर काढून देतात आणि हातांचा बदाम करून "मोए मोए क्यून" म्हणायला लावतात. न लाजता म्हणावं, शेजारच्या टेबलावरचा पन्नाशीचा गृहस्थही म्हणत असतो.

मोए म्हणजे कोंब फुटणं. 'पेटणं' यालाही उच्चार हाच, म्हणून श्लेष. पात्र बघून जीव हरखतो, तो मोए. सध्या मात्र हा शब्द जरा जुनाट झालाय.

उत्तर

त्याची जागा ओशीने घेतली. ओस् म्हणजे ढकलणं, पुढे करणं, शिफारस करणं. एकेबी फोर्टी-एट हा गायिकांचा गट २००५ साली अकिहाबारातल्याच एका दुकानाच्या आठव्या मजल्यावर सुरू झाला. अशा गटांतल्या जिला तुम्ही पुढे करता ती तुमची ओशी. लक्षात घ्या, ओशी म्हणजे चाहता नव्हे, जिला चाहावं ती. मराठीत 'लाडकी' फिकं पडतं. जिची पालखी तुम्ही खांद्यावर घेतलीत ती, असं म्हणेन.

पालखी डोळ्यांनी बघायची असेल तर 'इता-बॅग' बघा. पिशवीला पुढून पारदर्शक खिडकी असते आणि आत एकाच पात्राचे, बहुतेकदा अगदी एकसारखे, बिल्ले कडेला कड लावून ओळीने भरलेले. इता म्हणजे दुखणारं. बघणाऱ्याच्या डोळ्यांत खुपतं म्हणून इता. नाव वापरणाऱ्यांनीच हौसेने मिरवलंय. या पिशव्या टोकियोतल्याच इकेबुकुरो भागातल्या ओतोमे रोडवर जास्त दिसतील. ती मुलींची आळी, अकिहाबारापासून वेगळी. 'ओताकू म्हणजे पुरुष' हे आता डोक्यातून काढा.

शंका

'सेइची जुन्रेई'ला वारी म्हणावं का?

त्यावर

नको, यात्रा म्हणा. वारी म्हणजे नेमाने येणंजाणं. इथे अ‍ॅनिमेत दिसलेली जागा एकदा प्रत्यक्ष पाहून त्याच कोनातून फोटो काढायचा असतो. अकिहाबाराजवळचं कांदा म्योजिन हे देऊळ असंच एक ठिकाण. नवस लिहायच्या लाकडी पाट्यांवर तिथे भाविकांनी हाताने काढलेली अ‍ॅनिमेची पात्रं टांगलेली दिसतात, आणि कॉम्प्युटरच्या सुरक्षिततेचा ताईतही मिळतो. (कांद्याचा आपल्या कांद्याशी संबंध नाही.)

शेवटची शंका

ओताकु की ओताकू?

त्यावर

जपानीत ऱ्हस्वच आहे. पण मराठीत शेवटचा उकार दीर्घ लिहायचा, म्हणून ओताकू. ओशीचंही तेच. मांगा मात्र लिहू नका, ते इंग्रजी स्पेलिंगवरून आलंय. मंगा पुरे.