बाबांच्या रिपोर्टमधला १.०३०

फ्लॅट ३०२: काकू, जाग्या आहात का? बाबांचा युरिनचा रिपोर्ट आलाय. स्पेसिफिक ग्रॅव्हिटी १.०३०, बाकी सगळं नॉर्मल. किडनीचं काही असेल का? घाबरून सकाळपासून तांब्यावर तांब्या पाणी पितायत.

१०४ काकू: आधी ते तांबे थांबव, तहानेपुरतं पिऊ देत. परवा भर मे महिन्याच्या उन्हात राजवाड्यावर हिंडून आले ना? अंगातलं पाणी कमी झालं की किडनी पाणी धरून ठेवते, लघवी दाट होते. स्पेसिफिक ग्रॅव्हिटी म्हणजे लघवी पाण्याच्या मानाने किती दाट आहे ते. नुसत्या पाण्याचा आकडा १.०००. आपला साधारण १.००५ ते १.०३०, दिवसभरात वर-खाली होतच राहतो. १.०३० म्हणजे किडनीला लघवी दाट करता येतेय.

फ्लॅट २०१: मग पाण्यासारखी स्वच्छ लघवी सगळ्यात चांगली, असं नाही का?

१०४ काकू: भरपूर पाणी प्यायल्यावर तशी होणारच. पण रात्रभर पाणी न पिता पहाटेही तशीच असेल तर बघायला हवं. आमच्या ह्यांचं तेच झालं. रात्री तीन-तीनदा उठायचे, आम्ही वयावर ढकललं. मी इतकी वर्षं लॅबमध्ये काढली, तरी घरात लक्ष गेलं नाही, याचं अजून वाईट वाटतं. शेवटी कपाटातला जुना युरिनोमीटर काढला, काचेचा, लघवीत तरंगून हाच आकडा दाखवतो तो. १.०१० वर थांबला. दुसऱ्या सकाळी १.०१०, तिसऱ्या सकाळीही तेच. रक्तातून गाळलं जाणारं पाणी साधारण तेवढ्याच घनतेचं असतं. म्हणजे किडनी ते दाटही करत नव्हती, पातळही नाही, गाळलं तसंच सोडत होती. रक्तातलं क्रिएटिनिन, किडनी नीट गाळत नसली की वाढतं ते, २.४ निघालं, म्हणजे वाढलेलं.

फ्लॅट ३०२: बापरे. मग बाबांचं काय करू?

१०४ काकू: ह्या एका आकड्यावरून किडनी चांगली की वाईट ठरत नाही. त्यांना बीपी आहे, म्हणून रक्तातलं क्रिएटिनिन, ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा अंदाज) आणि लघवीतलं अल्ब्युमिन, म्हणजे प्रथिन, करून घे. लघवीतल्या अल्ब्युमिन-क्रिएटिनिनचं प्रमाण ३० मिलिग्रॅम प्रति ग्रॅमच्या आत हवं. नमुना सकाळच्या पहिल्या लघवीचा, मधल्या धारेचा. गुडघ्यांसाठी गोळ्या घेतात ना? डॉक्टरांना त्या दाखव. दुखण्याच्या काही गोळ्या रोज घेतल्या तर किडनीला त्रास देतात. आणि रात्री उठतात का, विचार.

फ्लॅट ३०२: विचारलं. दिवाळीपासून रोज दोनदा उठतात म्हणे, आम्हाला कुणाला बोलले नाहीत. उद्याच नेते. गोळ्यांचं पाकीट पर्समध्ये टाकलंय.

१०४ काकू: मीही येते. नऊला खाली भेटू.