युरो ट्रक २: सर्व्हरचं भाडं परवडेना आणि लॅग पण जाईना, सल्ला द्या

घाटातला_गिअर:
मंडळी, आम्ही चौघं, तिघं पुण्यात आणि एक जर्मनीत, शनिवारी रात्री युरो ट्रक सिम्युलेटर २ (युरोपात ट्रक चालवायचा कॉम्प्युटर गेम) एकत्र खेळतो. एकाने उत्साहात सर्व्हर (सगळ्यांना जोडणारं मशीन) भाड्याने घेतला आणि आता पैसे भरायची तारीख आली की ग्रुपवर सगळे गप्प. बरं पैसे भरून तरी सुख आहे का, गेमला अपडेट आला की सर्व्हरवर जाताच येत नाही, आणि गेलोच तर पुढच्याचा ट्रेलर मधेच उडी मारून माझ्या काचेवर. त्यात जर्मनीवाला म्हणतो सगळ्यांनी आयबेरिया (स्पेन-पोर्तुगाल) आणि ग्रीसचे विकतचे मॅप घ्या. काय करावं?

लालपरी_ड्रायव्हर:
चार जणांना भाड्याचा सर्व्हर कशाला रे भावा?? गेममध्येच कॉन्व्हॉय मोड (मित्रांनी एकत्र खेळायची सोय) आहे की, २०२१ पासून, ८ जण चालतात, वेगळा पैसा नाही. एआय ट्रॅफिक (गेमच चालवतो त्या इतर गाड्या), हवामान, वेळ सगळ्यांना एकच. फक्त होस्ट (ज्याच्या कॉम्प्युटरवर खेळ सुरू केलाय तो) बाहेर पडला की खेळ खल्लास, म्हणून ज्याचं अपलोड चांगलं आणि जो लवकर झोपत नाही त्याला होस्ट करा 😄

रात्रपाळी:
ट्रकर्सएमपी (अनोळखी लोकांसोबत ऑनलाइन खेळायची वेगळी सोय) पण फुकट आहे, पण स्टीमवर (जिथून गेम घेतो ते ऑनलाइन दुकान) गेम किमान २ तास खेळलेला लागतो. तिथे कॅले–ड्यूसबर्ग रोडला जाऊ नका, नवले पुलावर संध्याकाळी सहाला असते तशी गर्दी, एफपीएस (स्क्रीनवर चित्र हलायचा वेग) झोपतो आणि कोणीतरी मागून ठोकतोच. गेम अपडेट झाला की ते लगेच सपोर्ट देत नाहीत, स्टीमच्या बीटा टॅबमधून जुनं व्हर्जन लावावं लागतं.

घाटातला_गिअर:
@रात्रपाळी अनोळखी लोकांची ठोकाठोकी नको, आपापसातली पुरते. पण अपडेटनंतर सर्व्हर का बंद पडतो?

नटबोल्ट:
कारण सर्व्हर आणि गेमचं व्हर्जन एकच लागतं. सर्व्हर अपडेट करा, मग गेमच्या कन्सोलमधून (कमांड टाइप करायची खिडकी) सर्व्हर पॅकेजेसच्या फाइल्स नव्याने एक्सपोर्ट करून तिथे टाका, जुन्या फाइल्स ठेवल्या तर गोंधळ होणारच. आणि डेडिकेटेड सर्व्हरचं (तुम्ही भाड्याने घेतला तसा, होस्टशिवाय चालणारा) सॉफ्टवेअर स्टीमवर फुकट मिळतं, भाडं जातं ते फक्त मशीनचं. घरी जुन्या लॅपटॉपवर चालवता येईल, पण तुमचं नेट सीजीनॅटवर (एकच आयपी, म्हणजे नेटचा पत्ता, अनेक ग्राहकांत वाटलेला) असेल तर बाहेरून जोडायला अडचण येऊ शकते, स्टॅटिक आयपी (न बदलणारा पत्ता) घ्यायचा तर त्याचे परत वेगळे पैसे. माझ्या नेटवाल्याने तर आधी हो हो म्हणून कनेक्शन दिलं आणि आयपी मागितल्यावर फोन उचलायचा बंद. म्हणून लालपरी म्हणतो तेच करा, साध्या कॉन्व्हॉयला राउटरवर पोर्ट (बाहेरून जोडणी आत यायची वाट) उघडायची कटकट नाही.
ट्रेलर उडतो त्याचं आधी बघा, होस्ट वायफायवर किंवा मोबाईल हॉटस्पॉटवर आहे का? वायर लावा. आणि टाटा-लेलँडचे मॉड (गेममध्ये बाहेरून टाकलेल्या गाड्या) असतील तर एकदा सगळे बंद करून खेळून बघा.

लालपरी_ड्रायव्हर:
मॅप आत्ता मुळीच घेऊ नका, रॉटरडॅमहून व्हिएन्नापर्यंतचा रस्ता मूळ गेममध्येच आहे, आधी तो तरी धड पार करा. मग स्टीमचा सेल लागला की चौघांनी ठरवून एकच मॅप घ्या.

घाटातला_गिअर:
होस्ट वायफायवरच आहे 😅 वायर हॉलमधून न्यावी लागेल म्हणतो, काकूंची परवानगी काढतोय. सर्व्हरचं भाडं या महिन्यापासून बंद. जर्मनीवाल्याला ग्रीसचं कोण सांगणार ते अजून ठरलेलं नाही.