नवं लग्न, पहिलं घर, पहिला प्रवास : बेळगाव-खानापूर-निपाणी-चिकोडीकडच्यांनो, तुमचे अनुभव लिहा

शहापूरची_सून

काल भाचीचा फोन आला. वैशाखात लग्न झालंय, जावई उद्यमबागेत नोकरीला आहेत आणि दोघं टिळकवाडीच्या बाजूला घर बघतायत. "मावशी, परसात विहीर असलेलं घर मिळतंय, घेऊ काय?" एवढंच विचारलं तिनं. फोन ठेवला आणि मला माझी १९८६ सालची शहापूरची विहीर आठवली. रात्री झोपच लागली नाही, म्हणून लिहितेय.

माहेर गडहिंग्लजचं. सासर शहापुरात, वाड्यातल्या दोन खोल्या, वर मंगळुरी कौलं. पुढच्या सोप्यात हातमाग होता, आमचा नव्हे, शेजाऱ्यांचा. शहापुरी साड्यांचं नाव तेव्हा मोठं होतं. दुपारभर मागाचा ठोका चालायचा. पहिले काही दिवस त्यानं डोकं दुखायचं, मग एकदा सणाला माग बंद राहिला तर करमेना. त्या घरातली अक्का कन्नड बोलायची, मला तेव्हा कन्नडचा गंध नाही. पहाटे नळ आला की दार वाजवायची, "बर्री अक्का, नीर बंदाव!" मी घागर घेऊन पळत सुटायची. नळ गेला की विहीर होतीच. रहाटावर हात कसा ठेवायचा, दोर ओला असताना कसा धरायचा, हे मला सासूबाईंनी नाही, त्या अक्कानं शिकवलं.

गॅसला नंबर लावला होता, तो यायला वर्षं गेली. तोवर वातीचा स्टोव्ह आणि रॉकेलचं कार्ड. आणि पाऊस! जूनला सुरू झाला की गणपतीपर्यंत कपडे वाळायचे नाहीत. शेगडीवर बांबूची बुट्टी पालथी घालायची आणि तिच्यावर कपडे पसरायचे. नव्या साड्यांना धुराचा वास लागायचा म्हणून मी रडले होते. अक्कानं तिच्या पेटीतली वाळ्याची जुडी आणून माझ्या ट्रंकेत ठेवली.

फिरायला जाणं म्हणजे देवदर्शन. जोतिबा, कोल्हापूरची महालक्ष्मी, सौंदत्तीची यल्लम्मा, सगळीकडे सासूबाई, आत्याबाई, दोन दीर बरोबर. ते सगळं झाल्यावर श्रावणात एका रविवारी हे म्हणाले, "आज कुणाला सांगू नको, डबा बांध." गोकाकचा धबधबा दाखवायला नेलं. घटप्रभा तांबडी लाल झालेली, १७० फुटांवरून ते सगळं पाणी एकदम खाली. बोललेलं ऐकू येत नव्हतं. झुलत्या पुलावर ह्यांनी माझा हात धरला. चारचौघांत हात धरायची ती पहिली वेळ. धपाटे आणि शेंगाचटणी तुषारांनी भिजली ती तशीच खाल्ली. लोक मला काश्मीरचं सांगतात, मी गोकाकचं सांगते.

तुमचंही लिहा. पहिलं घर, पहिला प्रवास, पहिला सण, काहीही.

खानापूरचा_पाहुणा

आमची गाडी लोंढ्याहून. कुलदैवत गोव्यात, शांतादुर्गा, त्यामुळे लग्न झालं की गोवा ठरलेलाच, आणि बरोबर आई-बाबाही ठरलेले. कॅसलरॉकला गाडी थांबली की घाटासाठी जादा इंजिनं लागतात. तिथला चढ १:३७ आहे, म्हणजे ३७ फूट पुढं गेलात की एक फूट उंची बदलते. रेल्वेच्या हिशेबात हा फार कडक चढ. हे सगळं मी बायकोला तासभर समजावून सांगितलं, ती खिडकीतून ढग बघत होती. बोगदा, उजेड, परत बोगदा. मग दूधसागर आला आणि डब्यातले सगळे एका बाजूला. ३१० मीटरचं पाणी आणि आपली गाडी त्याच्या पुढ्यातल्या पुलावर!

डब्यात हुबळीच्या एक आजी होत्या. त्यांनी स्वतःची खिडकी सोडली आणि हिला बसवलं, "नवी नवरी हाय, तिला बघू दे." बाबांनी आईला पहिल्यांदा दूधसागर दाखवला तोही त्याच दिवशी. त्यांच्या लग्नाला तेव्हा पंचवीसच्या वर वर्षं झाली होती आणि आई कधी गोव्याला गेलीच नव्हती. लोक म्हणतात आई-वडिलांना बरोबर नेऊन कसला हनिमून. आईचं तोंड बघितलं असतंत तर तुम्ही तसं म्हणाला नसता.

टिळकवाडी_तिसरं_गेट

वा खानापूरकर. आईंना नमस्कार सांगा.

निपाणीची_लेक_सून

माझं माहेर कागल, सासर निपाणी. मध्ये कोगनोळीचा नाका. २०२३ मध्ये लग्न झालं, म्हणजे मी एकदम ताजी 🙂

त्या वर्षी मार्चमध्ये महाराष्ट्रात एसटीला बायकांना अर्धं तिकीट झालं आणि ११ जूनला कर्नाटकात शक्ती योजना आली, बायकांना बस फुकट. पण फुकट कुणाला? पत्ता कर्नाटकाचा पाहिजे. माझं आधार कागलचं. निपाणीहून बेळगावला निघालो की सासूबाई, नणंद, शेजारच्या काकू सगळ्यांना शून्याचं तिकीट आणि मी एकटी पैसे देणार. सासूबाईंना ते फार लागायचं. त्या कंडक्टरला सांगायच्या, "आमचीच सून आहे हो."

मग कागदांच्या मागे लागलो. कागलच्या रेशन कार्डावरचं नाव कमी करून दाखला आणायचा, इकडच्या कार्डात घालायचं, लग्नाची नोंदणी, आधारचा पत्ता. इकडचे फॉर्म कन्नडमध्ये. नणंदेचा मुलगा चौथीत कन्नड शिकतो, त्यानं मला फॉर्म वाचून दाखवले. शेवटी नवीन आधार हातात आलं आणि मी बेळगावच्या गाडीत बसले. कंडक्टरनं शून्याचं तिकीट फाडून दिलं. सासूबाईंनी ते माझ्या हातातून घेतलं आणि देवघरात ठेवलं! अजून तिथंच आहे.

माहेरी जाताना अजून पैसे पडतात. कर्नाटकची गाडी असली तरी शक्ती राज्याबाहेर चालत नाही.

चव्हाट_गल्ली

देवघरात ठेवलं हे वाचून डोळ्यांत पाणी आलं बघा. अशी सासू सगळ्यांना मिळो.

वडगावकर_गडी

शहापूरच्या वैनी, भाचीला सांगा भाड्यापेक्षा लीज बघ म्हणून. आपल्याकडं चालतंय की. एकरकमी पैसे घरमालकाकडं ठेवायचे, दोन-तीन वर्षं भाडं न्हाई, सोडताना पैसे परत. आमचं पहिलं घर तसंच घेतलेलं. लग्नाचा आहेर, हिच्या भिशीचे पैसे, माझा फाउंड्रीचा बोनस, सगळं एकत्र करून. पण करार स्टॅम्पपेपरवर करा, घराची कागदं बघा, घरावर कर्ज हाय का ते बघा. आमच्या ओळखीच्या एका जोडप्याचे पैसे घरमालकानं वर्षभर अडकवून ठेवलेले, हाल झाले पोरांचे.

आणि पाणी कधी येतंय ते शेजाऱ्यांना विचारा, मालकाला नको. काही वॉर्डात चोवीस तास हाय, काही ठिकाणी आठवड्यानं. विहीर असली तर सोनं. घ्या म्हणावं.

शहापूरची_सून

सांगते हो भावजी. आजच सांगते.

कागवाडची

माझा अनुभव आखाडाचा. इकडं नवी सून आखाडात सासरी राहत नाही, सासू-सुनेनं एका उंबऱ्याआड राहायचं नाही. आमच्या घरी कन्नड-मराठी दोन्ही, पण हे दोन्हीकडं पक्कं. ज्येष्ठी पौर्णिमेला कर्नाटकी बेंदूर झाला, बैलांना ओवाळलं, आणि थोड्याच दिवसांत मला मिरजेला माहेरी सोडलं. लग्नाला अजून दोन महिने पण झाले नव्हते.

मिरज जवळच, पण जावयानं यायचं नाही असं आमच्या आजीचं म्हणणं. ह्यांना मग मिरजेत कामं निघायला लागली. आज चुलत्याला दवाखान्यात दाखवायचंय, उद्या मोटरचा पार्ट आणायचाय. मिरजेत दवाखान्यांना काय तोटा! मी भाजीला म्हणून मार्केटात जायची, तिथं चहाच्या गाड्यावर हे उभे. येताना रुमालात उकडलेल्या शेंगा. एकदा आजीच समोरून आली. मला वाटलं आता काही खरं नाही. आजीनं ह्यांच्याकडं बघितलं, शेंगा घेतल्या, चार खाल्ल्या आणि "लवकर घरी ये गं, पाऊस येतोय" म्हणून निघून गेली.

पंचमीला मग घरी. आमच्याकडं पंचमी म्हणजे बायकांची दिवाळीच. झाडाला झोका, शेंगालाडू, तंबिटाचे लाडू, लाह्या. सासूबाई स्वतः झोक्यावर बसल्या आणि मला म्हणाल्या दे धक्का.

टिळकवाडी_तिसरं_गेट

आजी 🙏🙏

कुणी मांड्यांबद्दल कसं लिहिलं नाही? बेळगावचं लग्न आणि मांडे नाहीत? आमच्या लग्नात रुखवतावर पुरणपोळीपेक्षा मोठा मान मांड्यांचा होता. हातावर फिरवत फिरवत कापडासारखा पातळ करायचा, उलट्या कढईवर टाकायचा, पिठीसाखर-तूप घालायचं आणि गरम असतानाच घडी मारायची. क्षणभर उशीर झाला तर मोडतो. घरी करणाऱ्या बायका आता कमी झाल्या. बायको पुण्याची, तिनं पहिल्यांदा खाल्ला तेव्हा घडी उलगडून बघत होती आत काय आहे म्हणून. आता दर वेळी माहेरी जाताना कुंदा एक किलो आणि मांडे, हे तिचंच फर्मान.

कडोलीची_आक्का

मी कधी लिहीत नाही. आज लिहिते.

आमचं लग्न १९९९ च्या मे महिन्यात झालं. हे मराठा लाइट इन्फंट्रीत. आमच्या भागात घरटी एक जवान, त्यामुळे नवीन काही नव्हतं. सुट्टीत उटीला जायचं ठरलं होतं, म्हैसूर बघून पुढं उटी. मी स्वेटर पण घेतला होता, गणपत गल्लीतून, निळा. हळद अजून अंगावर होती आणि सुट्टी रद्द झाल्याची तार आली. कारगिलचं सुरू झालं होतं. बेळगाव स्टेशनवर सोडायला गेलो, प्लॅटफॉर्मवर आमच्यासारख्या अजून किती जणी होत्या. कुणी रडत नव्हतं. सासऱ्यांनी सांगितलं होतं, गाडी हलेपर्यंत रडायचं नाही.

ते दोन-अडीच महिने कसे गेले ते आम्हालाच ठाऊक. गल्लीत टीव्ही तीन घरांत. संध्याकाळी बातम्यांना सगळी गल्ली आमच्या सोप्यात. जिच्याशी माझी ओळख पण नव्हती अशा बायका येऊन शेजारी बसायच्या, हातात काहीतरी निवडायला घेऊन, भात, शेंगा. काही बोलायच्या नाहीत. सासूबाई रात्री माझ्या खोलीत झोपायला यायच्या. सांगायच्या मला भीती वाटते म्हणून. भीती मला वाटत होती, हे त्यांना कळत होतं.

पत्र आलं की सासरे आधी पाकिटावरची तारीख बघायचे, मग न फोडता माझ्याकडं द्यायचे.

हे परत आले दिवाळीच्या आधी. सगळ्यात पहिल्यांदा कॅम्पातल्या मिलिटरी महादेवाला गेलो, दोघंच, चालत. तिथल्या बागेत बसलो. तोवर आम्ही दोघं असं एकटं कधी बसलोच नव्हतो. काय बोलायचं ते सुचेना. मी विचारलं, थंडी फार असती काय हो तिकडं. आणि मग हे बोलायला लागले ते अंधार पडेपर्यंत.

उटीला गेलो पुढं खूप वर्षांनी, पोरांना घेऊन. निळा स्वेटर थोरलीनं घातला होता.

निपाणीची_लेक_सून

आक्का काय लिहू. तुम्हाला आणि काकांना नमस्कार. 🙏

वडगावकर_गडी

जय शिवराय आक्का. माझा थोरला भाऊ पण एमएलआयलाच होता. पाकीट न फोडता द्यायचे हे वाचून थांबलो जरा.

शहापूरची_सून

आक्का, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. त्या निवडायला घेऊन बसणाऱ्या बायका मला ओळखीच्या वाटल्या. असंच अजून लिहीत जा.

कडोलीची_आक्का

लिहीन. आता चुलीवर भाकरी आहे.

संकेश्वर_मिरची

नव्या सुनांसाठी एक. पहिल्या वर्षीचं तिखट सासूच्या हाताखाली करून घ्या. संकेश्वरी मिरची तिखटपणाला, ब्याडगी रंगाला. उन्हात कडक वाळवायची, देठं काढायची, कांदा-लसूण-खोबरं वेगळं भाजून घ्यायचं. प्रमाण कुणी लिहून देत नाही, हातानं कळतं. माझ्या सासूबाई गेल्या तेव्हा बरणीत त्यांच्या हातची अर्धी चटणी शिल्लक होती, ती आम्ही पुरवून पुरवून वर्षभर खाल्ली.

चव्हाट_गल्ली

ब्याडगी यंदा कुठं चांगली मिळाली? रविवार पेठेत बघितली, ओलसर वाटली.

संकेश्वर_मिरची

ओलसर असली तर घेऊ नका, बुरशी धरते. उन्हाळा संपायच्या आत घ्यायची.

नवीन_जोडी_अनगोळ

सगळं वाचून काढलं, बायकोलाही वाचून दाखवलं. आमचं लग्न गेल्या महिन्यात झालं. रविवारी गोव्याला निघतोय, मोटरसायकलवरून. दूधसागर वाटेत करता येईल काय? आणि आंबोलीनं जावं की चोर्ल्यानं?

खानापूरचा_पाहुणा

दूधसागर आत्ता पावसात गाडीतूनच बघायचा. मधे उतरायला रेल्वेची बंदी आहे, रुळावरून चालत तर अजिबात जाऊ नका. कुळ्यातून जीप जातात, त्या पावसाळ्यात बंद असतात, ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होतात.

पणजीला जायचं तर चोर्ला जवळ. जांबोटी, कणकुंबी करत जा. कणकुंबीला माऊलीच्या देवळात थांबा, मलप्रभेचा उगम तिथं आहे. रस्ता कसा आहे ते जांबोटीला चहा घेताना विचारून घ्या, पावसात खड्डे पडतात.

टिळकवाडी_तिसरं_गेट

आंबोली बघायचीच असेल तर शिनोळी, पाटणे फाटा, आंबोली, सावंतवाडी. लांब पडतं पण वाट सुंदर. रविवारी मात्र नको, धबधब्यापाशी गाड्यांची रांग लागते. सोमवारी निघा.

वडगावकर_गडी

रेनकोट दोघांना वेगवेगळे घ्या, एकात भागत न्हाई. कोरड्या कपड्यांना प्लास्टिकची पिशवी. टायर बघून घ्या. दुपारी तीनच्या आत घाट उतरा, नंतर धुकं येतंय, पुढची गाडी दिसत न्हाई. पोचलात की इथं लिवा.

नवीन_जोडी_अनगोळ

सोमवार फिक्स. चोर्ल्यानं जाऊन आंबोलीनं परत. बायको म्हणते येताना मांडे घेऊन जाऊ तिच्या घरी, ऑर्डर किती दिवस आधी द्यावी लागते?

टिळकवाडी_तिसरं_गेट

लग्नसराई नाही, दोन दिवस आधी सांगितलं तरी चालेल. कडक डब्यातून न्या, पिशवीत चुरा होतो.