अक्कू यादवला मारलं ते स्वसंरक्षण होतं का?

नागपूरकर:
१३ ऑगस्ट २००४. नागपूरच्या जिल्हा न्यायालयात, भर कोर्टात, कस्तुरबा नगर वस्तीतल्या बायांनी तिथल्या गुंडाला, अक्कू यादवला, संपवलं. तिखट, दगड, भाजी चिरायच्या सुऱ्या. २०१४ मध्ये आरोपी पुराव्याअभावी सुटले. माझं म्हणणं, पुरावा असता तरी सोडायलाच हवं होतं. वर्षानुवर्षं वस्तीत त्याचे बलात्कार, खंडणी, आणि तक्रारीचा उपयोग शून्य. हे स्वसंरक्षण नाही तर काय?

कोर्टाची पायरी:
राग समजतो, पण कायद्यात बसत नाही. समोरच्याचा जीव जाईपर्यंत बचाव करायचा हक्क आहेच. भारतीय न्याय संहितेचं कलम ३८, आधीच्या भारतीय दंड संहितेचं (भादंवि) १००. मृत्यूची किंवा जबर दुखापतीची भीती, बलात्कार, अपहरण... ॲसिडहल्ला २०१३ मध्ये जोडला. पण भीती त्या वेळची लागते. ती उपजली की हक्क सुरू, सरली की संपला. अक्कू तेव्हा पोलिसांच्या ताब्यात होता. शिवाय कलम ३७ म्हणतं, सरकारी यंत्रणेकडे धाव घ्यायला सवड असेल तर हा हक्कच नाही.

नागपूरकर:
सवड होती हो, यंत्रणा कुठे होती? ज्या ठाण्यातून बाई अपमान गिळून परत येते, तिथे कसली सवड? त्या दिवशी त्याच्या जामिनाचं काम होतं. सुटला असता तर संध्याकाळी वस्तीत हजर.

रेवती:
वकीलसाहेब, 'त्या वेळची भीती' ही अट बरोबरीच्या दोन गड्यांच्या मारामारीला ठीक आहे. घरात रोज मार खाणाऱ्या बाईने नवरा शुद्धीत असताना हात उचलायचा म्हणजे मरायचंच की!

कोर्टाची पायरी:
इथे कायदा तोकडा आहे, कबूल. तरी कोर्ट अगदीच दगड नाही. दर्शन सिंग खटल्यात (२०१०) सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क सविस्तर मांडलाय. जिवावर बेतलेल्या माणसाने वार मोजूनमापून करावेत अशी अपेक्षा नसते, आणि त्याला आपला बचाव संशयातीत सिद्धही करावा लागत नाही, संभवनीय वाटला तरी पुरे. प्रामाणिकपणे बचाव करताना हद्द ओलांडली तर खुनाऐवजी सदोष मनुष्यवध धरतात. पण त्यासाठी मुळात हक्क असावा लागतो. मेलेला किती नालायक होता यावर तो ठरत नाही. उद्या दुसरी वस्ती दुसऱ्या कुणाला 'अक्कू' ठरवेल, मग?

नागपूरकर:
त्या वस्तीत चार दिवस राहून मग बोला.

बांधावरचा:
माझं सांगतो. गेल्या हिवाळ्यात रात्रपाळीची लाइट, विहिरीवर गेलो तर एकजण मोटारीची केबल कापतोय. माझ्या हातात कोयता. तो पळाला, मी मागे. बांधापर्यंत गेलो आणि थांबलो, का ते आजही नीट सांगता येत नाही. पाठ दिसत होती त्याची, दहा पावलांवर. नंतर ओळखीच्या वकिलाने सांगितलं, घातला असतास तर आत गेला असतास. रात्रीची घरफोडी, दरोडा, राहत्या घराला आग, यात कलम ४१ जीव घेण्यापर्यंत मुभा देतं. विहिरीवरची केबल म्हणजे साधी चोरी.

नागपूरकर:
केबल होती म्हणून थांबलात. पोरगी घेऊन पळत असता तर?

बांधावरचा:
नसतो थांबलो.

कोर्टाची पायरी:
थांबायची गरजही नव्हती. अपहरण कलम ३८ मध्येच आहे, आणि पोरगी त्याच्या हातात असेपर्यंत हक्क चालू राहतो, पाठ दिसत असली तरी.

रेवती:
मग कस्तुरबा नगरात तो हक्क कधी संपला होता?