ऑकलंडला जायचंय, बाबांना शिडाच्या बोटीत बसवायचंय. कधी जावं, कसं जमवावं?

गलबत७१
नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय पण नीट सांगितल्याशिवाय सल्ला तरी कसा मिळणार. माझे बाबा ७१ वर्षांचे आहेत आणि मला आठवतंय तेव्हापासून घरात शिडाच्या बोटींची मॉडेलं करतात, लाकूड स्वतः तासतात, दोऱ्याला मेण चोळून बोटीचे दोर करतात, शिडं जुन्या धोतराची. १९९५ मध्ये न्यूझीलंडच्या ब्लॅक मॅजिक बोटीने अमेरिकाज कप ही शिडाच्या बोटींची मोठी शर्यत जिंकली तेव्हाचा पेपरातला फोटो अजून त्यांच्या टेबलाच्या काचेखाली आहे. पण खऱ्या शिडाच्या बोटीत ते आजवर एकदाही बसलेले नाहीत. यावेळी मी ठरवलंय की त्यांना ऑकलंडला न्यायचंच. आम्ही दोघंच, सहा दिवस. बाबांचा उजवा गुडघा दुखतो, सपाटीवर चालतात पण चढ-उतार जमत नाही. आणि मला बोट लागते, फेरीतसुद्धा. मे महिन्यात सुट्टी मिळतेय, तेव्हा जावं का? राहायचं कुठे, आणि या वयात शिडाच्या बोटीवर घेतात का?

दक्षिणवारा
ताई, अकरा वर्षं इथे राहतोय, पोस्ट वाचून लगेच लिहायला बसलो. पहिलं म्हणजे मे नको. इथे मे म्हणजे थंडी सुरू, पाऊस, दिवस लहान, आणि बाबांना ज्यासाठी आणताय ती शिडंच कमी दिसतील. जानेवारीच्या शेवटी या. २९ जानेवारीच्या जवळचा सोमवार म्हणजे ऑकलंड अॅनिव्हर्सरी डे, शहराला सुट्टी असते आणि त्या दिवशी बंदरात मोठी रेगाटा, म्हणजे बोटींच्या शर्यती होतात. १८४० मध्ये शहराची स्थापना झाली त्याच दिवशी पाण्यात शर्यती लावल्या होत्या, तेव्हापासूनची ही परंपरा. मुलांच्या डिंगीपासून, म्हणजे छोट्या शिडाच्या होडीपासून, जुन्या लाकडी बोटींपर्यंत सगळं एकाच पाण्यात असतं, टगबोटींचीसुद्धा शर्यत असते.

बघायला लोक डेव्हनपोर्टच्या नॉर्थ हेड टेकडीवर जातात, शहरातून फेरीने १२ मिनिटं, पण वर चढ आहे, तुमच्या बाबांना नको. त्यापेक्षा बॅस्टियन पॉइंटला टॅक्सी करून जा, गाडी वरपर्यंत जाते, सपाट हिरवळ आहे आणि समोर सगळं बंदर आणि रांगितोतो बेट. (जागा निव्वळ देखाव्याची नाही बरं का, १९७७-७८ मध्ये न्गाती फाटुआ या माओरी जमातीच्या लोकांनी आपल्या जमिनीसाठी इथे ५०६ दिवस ठाण मांडलं होतं. तिथे बसून हे बाबांना नक्की सांगा.)

राहायला व्हायाडक्ट हार्बर किंवा क्वीन स्ट्रीटचा खालचा भाग बघा. फेरीचा धक्का, म्युझियम, बोटी सगळं पायी. सुट्टीच्या आठवड्यात खोल्या लवकर भरतात, आधीच धरून ठेवा.

आता मुख्य गोष्ट. हॉब्सन वॉर्फवर मेरिटाइम म्युझियम आहे आणि तिथे तुमच्या फोटोतली बोट खरीखुरी ठेवलीय, ब्लॅक मॅजिक, शिडावरचा नंबर एनझेडएल ३२. तिच्या तळाशी उभं राहून वर बघितलं की मान दुखते इतकी उंच. त्या संघाचे प्रमुख सर पीटर ब्लेक त्या शर्यतींमध्ये लाल मोजे घालायचे, शुभ म्हणून, आणि अख्ख्या देशाने तेव्हा लाल मोजे विकत घेतले होते. बाबांना एक जोडी घेऊन द्या, माझं ऐका.

रानजाई
ऊन! इथलं ऊन आपल्यासारखं चटके देत नाही म्हणून कळतच नाही, पण यूव्ही फार जास्त असतो. आम्ही ढगाळ दिवस बघून टोप्या रूमवर ठेवल्या आणि फेरीच्या डेकवर तासभर बसलो, संध्याकाळी आईच्या नाकाची साल निघायला लागली. सनस्क्रीन, टोपी, आणि टोपीला दोरी हवीच, वाऱ्याने उडते. एक पातळ विंडचीटर कायम पिशवीत ठेवा, एका दिवसात चार ऋतू होतात तिथे.

भटकी_वाट
दक्षिणवारा दादांशी बाकी सगळ्याला सहमत पण जानेवारीबद्दल माझं थोडं वेगळं मत. तुम्हाला गर्दी नको असेल आणि बोट लागत असेल तर मार्चचा सुरुवातीचा काळ जास्त चांगला, हवा स्थिर, पाणी अजून कोमट, सुट्टीची गर्दी ओसरलेली. रेगाटा चुकेल, पण बाबांना शर्यत बघण्यापेक्षा बोटीत बसायचंय ना.

आणि विमानतळाचं नीट वाचा कारण आपले लोक इथेच अडकतात. खाण्याचं जे काही असेल ते सगळं डिक्लेअर करा, लोणचं, लाडू, मसाले, पिशवीत राहिलेलं एखादं केळं सुद्धा. डिक्लेअर केल्याबद्दल दंड नाही, फार तर वस्तू काढून घेतात, पण न सांगता सापडलं तर जागेवर ४०० न्यूझीलंड डॉलर. मध अजिबात नेऊ नका. चालायचे बूट घासून स्वच्छ करा, तळव्यात माती असेल तर तेही सांगावं लागतं. प्रवासाआधी ट्रॅव्हलर डिक्लेरेशन ऑनलाइन भरायचं असतं ते फुकट आहे, पैसे मागणाऱ्या साइटवर जाऊ नका. आणि भारतीय पासपोर्टला व्हिजिटर व्हिसा आधी लागतो, त्याला वेळ धरा.

रांगितोतो बेटावर जायचा मोह होईल, पण बेटावर दुकान नाही, प्यायचं पाणी नाही, वाट लाव्हाच्या काळ्या खडीची. गुडघ्याला वाईट. शेवटची फेरी चुकली तर तिथेच अडकलात, आमच्या पुढच्या जोडप्याला धावत येताना बघितलंय. त्याऐवजी वायहेकी बेट, फेरीने साधारण ४० मिनिटं, तिथे उतरल्यावर बस मिळते.

गलबत७१
तुम्हा सगळ्यांचे खूप आभार, डोळ्यात पाणी आलं खरंच. ब्लॅक मॅजिक समोर ठेवलीय हे बाबांना अजून सांगितलेलं नाही, तिथेच दाखवणार. रजेचं बोलले, जानेवारी अखेर मिळेल असं दिसतंय. पण बोटीत चढायचं कसं, आणि मी काय करू?

दक्षिणवारा
ताई, दोन मार्ग. व्हायाडक्टवरून अमेरिकाज कपसाठी बांधलेल्या जुन्या यॉटवर दोनेक तासांची सफर करतात, दोर ओढायला, शिडाचे दोर ताणणाऱ्या ग्राइंडरचं हँडल फिरवायला, सुकाणू धरायलाही देतात. पण बोट वाऱ्याने चांगलीच कलते आणि चढताना पाय उचलावा लागतो, म्हणून बुक करतानाच गुडघ्याचं सांगा आणि आदल्या दिवशी धक्क्यावर जाऊन बोट डोळ्यांनी बघून या. दुसरा मार्ग मला जास्त आवडतो, म्युझियमची स्वतःची टेड अॅशबी नावाची लाकडी स्काव आहे, सपाट तळाची, अशा बोटी पूर्वी किनाऱ्याकिनाऱ्याने लाकडाचे ओंडके वाहायच्या. ती पाहुण्यांना घेऊन बंदरात तासभर फिरते. डेक रुंद, फारशी कलत नाही, आणि दोरांच्या गाठी, कप्प्या, लाकडाचे जोड सगळं हाताला लागतं. मॉडेलं करणाऱ्या माणसाला यापेक्षा काय हवं. फेऱ्या रोज नसतात, तिकिटाआधी वेळापत्रक बघा.

तुमचं म्हणाल तर वाइतेमाता बंदर आतल्या बाजूला आहे, रांगितोतो आणि नॉर्थ शोअर आडवे येतात म्हणून लाटा लहान. गोळी डॉक्टरांना विचारून निघायच्या आधी घ्या, पोट रिकामं ठेवू नका, बोटीच्या मध्यावर बसा, नजर किनाऱ्यावर, मोबाइलमध्ये अजिबात नाही.

आणि एक संध्याकाळ मोकळी ठेवा. जानेवारीत साडेआठपर्यंत उजेड असतो. वेस्टहेवन मरीनाच्या कडेने लाकडी फळ्यांची सपाट वाट आहे, मध्ये बसायला बाकं आहेत. वारा सुटला की शेकडो बोटींचे दोर डोलकाठ्यांवर टणटण वाजत राहतात. क्लबच्या संध्याकाळच्या शर्यती असतील तर हार्बर ब्रिजच्या बाजूने शिडं परत येताना दिसतात. बाबांना तिथे बसू द्या हवा तितका वेळ. येताना कळवा, त्या दिवशी मी गाडी घेऊन येतो, बॅस्टियन पॉइंटला टॅक्सी शोधायला नको.