दुसऱ्यांदा दिलेलं डबल: टेकआऊट की मारायला?

प्रभातरोडची_वहिनी

मी आणि माझे दीर ब्रिजमध्ये भिडू म्हणून खेळतो. डबल कधी "भिडू, तुमचा रंग सांगा" म्हणून देतात, ते टेकआऊट; कधी "यांचे हात पुरे होणार नाहीत, गुण वाढवा" म्हणून, ते मारायचं. परवाच्या पेअर्समधला (जोड्यांच्या स्पर्धेतला) डाव. कुणीच व्हल्नरेबल नाही, म्हणजे बोनस-दंड कमी दराचे. माझ्या उजवीकडच्यांनी 1 बदाम उघडला, मी डबल. डावीकडून 2 बदाम, भावोजी पास, उजवीकडे पास. मी पुन्हा डबल. डावीकडे पास, आणि भावोजीसुद्धा पास!

माझी पानं: इस्पिक एक्का-राजा-10-5, बदाम छक्की एकटी, चौकट एक्का-राणी-9-4, किलवर राजा-गुलाम-8-3.

भावोजींची: इस्पिक 9-7-4-2, बदाम गुलाम-9-8-3, चौकट 7-6, किलवर राणी-10-5.

2 बदामला लागतात ते आठ हात त्यांचे बरोबर झाले, त्यांना 470 गुण. डमीत (त्यांच्या टेबलावर उघड्या मांडलेल्या पानांत) चौकटचे राजा-गुलाम-10 नेमके माझ्या एक्का-राणीच्या मागे बसलेले. भावोजी म्हणतात, "वहिनी, पहिलं डबल टेकआऊट, कबूल. पण मी पास म्हटल्यावरही तुम्ही डबलचं लाल कार्ड काढलंत म्हणजे मारायचंच होतं ना? आणि माझ्याकडे चार बदाम होते." घरी जेवणापर्यंत हेच चाललं होतं. कोण बरोबर?

सदाशिव_इस्पिक

टेकआऊट. भावोजींनी 2 इस्पिक म्हणायचं आणि चहा मागवायचा. यात विचारण्यासारखं काय आहे?

डमीच_बरा

विचारण्यासारखं आहे, कारण निम्मी पुणेरी टेबलं भावोजींसारखंच खेळतात.

पहिल्या डबलने वहिनींनी सांगितलं की उघडण्याइतके पॉइंट (एक्का 4, राजा 3, राणी 2, गुलाम 1) आहेत, बदाम कमी आहेत, बाकीचे तिन्ही रंग चालतील. बारा-तेराच पॉइंट असते तर 2 बदामवर त्या दुसऱ्या फेरीत गप्प पास झाल्या असत्या. पुन्हा बोलल्या म्हणजे सोळा-सतरा तरी आहेत. इथे सतरा होते. पानांची ठेवण मात्र तीच राहते. दोन फेऱ्यांच्या मध्ये कुणाच्या हातात नवे बदाम येत नाहीत. मुळात मारण्याइतके बदाम असते तर त्यांनी पहिल्या फेरीत डबल दिलंच नसतं, दबा धरून बसल्या असत्या.

आता भावोजींचे चार बदाम. उघडणाऱ्याचे पाच, साथ देणाऱ्याचे तीन, यांचे चार. वहिनींकडे उरला एक. म्हणजे त्या चार बदामांनी भिडूचं डबल टेकआऊट असल्याचंच सिद्ध केलं. शिवाय ते बसलेत चुकीच्या जागी, कारण खेळणारा त्यांच्या नंतर पान टाकतो. त्याच्याकडे एक्का-राजा-राणी-10 असणार. दोन बदाम काढले की वहिनींकडचे संपलेले दिसतात, मग चौकटवरून डमीत जाऊन तिथला बदाम खेळायचा आणि गुलाम अलगद उचलायचा. डबलमुळे सगळे बदाम कुठे आहेत हे त्याला आधीच कळलेलं.

हिशोब पाहा. 2 बदाम डबलविना झाले की त्यांना 110. डबल झाले की हातांचे 120, ते शंभरावर गेले म्हणून गेमचे 300 आणि डबल असूनही केल्याचे वर 50, झाले 470. 2 इस्पिक म्हटलं असतं आणि इस्पिक वाईट फुटून एक खाली (एक हात कमी) गेलो असतो तर दंड 50. दोन खाली, तेही डबलविना, तर 100. म्हणजे हरूनही 110 पेक्षा स्वस्त.

पास करायचंच तर बदाम राणी-गुलाम-10-9 असे भरीव हवेत, सोबत बाहेर एखादा हात हवा. आणि तसा पास आला की वहिनींनी पहिली उतारी बदामाचीच करायची.

बिनहुकूम

वरचं पटलं, एक पुस्ती जोडतो. भिडू आपणहून काही बोलला, किंवा त्याने आपलं डबल मारण्यासाठी ठेवलं, किंवा आपण त्यांच्या 1 नो-ट्रंपला (बिनहुकूम बोलीला) डबल दिलं, तर पुढची डबलं आम्ही मारायची धरतो. भिडू सक्तीने बोलला असेल तर नाही. म्हणजे 1 बदाम, डबल, पास, 1 इस्पिक, 2 बदाम, डबल, हेसुद्धा टेकआऊटच. 1 इस्पिक त्याच्याकडे शून्य पॉइंट असतानाही येतो.

आणि भावोजींची सवय मला ओळखीची वाटते. घरच्या डावात मारायचं डबल आवाज चढवून देतात, टेकआऊट हळू. क्लबात बिडिंग बॉक्समधलं लाल कार्ड एकाच सुरात निघतं. भिडूच्या सुरावरून अर्थ काढायला नियमांत बंदीच आहे, कायदा 16.

प्रभातरोडची_वहिनी

भावोजींना वाचून दाखवलं. चार बदामांचा हिशोब पटला, 470 चा अजून नाही. त्यांचा उलट प्रश्न: समजा त्यांनी 2 इस्पिक म्हटलं, उजवीकडून 3 बदाम आले आणि मी तिसऱ्यांदा डबल दिलं, मग?

डमीच_बरा

आता इस्पिक सापडलेत. चार इस्पिक असताना नुसतं लढायचं असेल तर तुम्ही सरळ 3 इस्पिक म्हणाल. त्याऐवजी डबल म्हणजे "माझ्याकडे बाहेरचे एक्के-राजे भरपूर आहेत, तुम्ही ठरवा." बदामाचा एखादा हात नक्की असेल तर भावोजींनी पास करावं. परवाच्या पानांवर मी 3 इस्पिकच म्हटलं असतं.

सदाशिव_इस्पिक

परवाच्या पानांवर तिसरं डबल वहिनी देणारच नाहीत. भावोजी पुन्हा पास होतील या भीतीने.