मदत हवी आहे: क्रूझच्या थांब्यात विलेमस्टाड (कॅरिबियनमधल्या क्युरासाव बेटावरचं गाव) स्वतःचं स्वतः कसं फिरावं?

आडवाट
जानेवारीत मायामीहून सुटणारी क्रूझ आहे. क्युरासावला जहाज सकाळी ८ ला लागतं, संध्याकाळी ५ ला सुटतं. जहाजाची टूर घ्यायची नाही. आईबाबा बरोबर आहेत. आईला चढ-उतार झेपत नाही, बाबा शाकाहारी. तो तरंगता पूल मध्येच बाजूला होतो म्हणतात, मग परतीचं काय?

नांगर
गाव सपाट आहे, पायी निवांत होतं. जहाज मेगा पिअरला लागेल, नाहीतर पुलाच्या आत मॅथी धक्क्याला. दोन्ही गावाच्या ओत्रोबांडा या भागात. पाहण्यासारखं बरंचसं खाडीपलीकडच्या पुंडा या भागात आहे, आणि मध्ये १८८८ सालापासूनचा क्वीन एमा पूल.

या पुलाची बिजागरी ओत्रोबांडाच्या टोकाला आहे. जहाज यायचं झालं की घंटा वाजते, फाटक लागतं आणि पुंडाकडचं टोक इंजिनाच्या जोरावर सरकत जातं. झेंडा बघा: नारिंगी असेल तर थोडक्यात आटपतं, तिथेच थांबा. निळा असेल तर बराच वेळ लागतो. मग जवळच्या धक्क्यावरून फेरीबोट पकडा. पूल बाजूला असताना ती फुकट असते. पण तेव्हा सगळे तिकडेच धावतात आणि रांग वाढते.

म्हणून क्रम महत्त्वाचा. सकाळी आधी पुंडा उरकायचं आणि तीनच्या आत खाडी ओलांडून परत यायचं. उरलेला वेळ ओत्रोबांडातल्या रिफ किल्ल्याच्या आसपास काढा, म्हणजे तुमच्या आणि जहाजाच्या मध्ये पूल उरत नाही.

घड्याळाचंही बघा. जानेवारीत क्युरासाव मायामीच्या एक तास पुढे असतं. जहाजाने घड्याळ बदललं नसेल तर फोन बेटाची वेळ दाखवेल आणि परतीची वेळ मात्र जहाजाच्या घड्याळाने असेल. उतरताना दारावरचा फलक वाचा. आत परतायची वेळ सुटायच्या किमान अर्धा तास आधीची असते.

खलाशीकाका
पुंडात मिक्वे इस्राएल-इमॅन्युएल हे १७३२ सालचं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) चुकवू नका. जमिनीवर वाळू पसरलेली आहे. पोर्तुगाल-स्पेनमध्ये धर्मन्यायालयाच्या भीतीने चोरून प्रार्थना करताना पावलांचा आवाज येऊ नये म्हणून वाळू टाकत, त्याची ती आठवण असं सांगतात. शनिवार-रविवारी बंद असतं, तेव्हा वार तपासा. फोर्ट ॲम्स्टरडॅम तिथून चालत काही मिनिटांवर.

डॉलर सगळीकडे चालतात. सुट्ट्या, लहान नोटा ठेवा. परत मिळणारे सुटे कॅरिबियन गिल्डरमध्ये येतील (डॉलरला सुमारे १.७९). जुना अँटिलियन गिल्डर २०२५ च्या जुलैपासून व्यवहारातून बाद झालाय, तो कुणी दिला तर घेऊ नका.

आणि अमेरिकेचा व्हिसा मल्टिपल एंट्री आहे ना? क्रूझ संपल्यावर मायामीत पुन्हा प्रवेशच घ्यायचा असतो. क्युरासावला उतरायला काय कागदपत्रं लागतात, तेही क्रूझ कंपनीकडून लेखी घ्या.

भाजीभाकरी
बाबांसाठी: पोस्टाच्या मागे प्लासा बिऊ नावाचा जुना बाजार आहे, तिथे फक्त दुपारचं जेवण मिळतं. टुटू मागवा, मक्याचं पीठ आणि चवळी एकत्र शिजवून करतात. पण त्यात कधी कधी डुकराचं मांस असतं, म्हणून आधी 'सिन कार्नी, सिन पिस्का' (मांस नको, मासे नकोत) म्हणा. गियाम्बो हे भेंडीचं सूप दिसायला अगदी आपलं वाटतं. त्यात खारं मांस किंवा मासे असतात, ते टाळाच. तळलेली केळी आणि फुंची (मक्याच्या पिठाची घट्ट उकड) सहसा चालतात. नळाचं पाणी समुद्राचं गोडं केलेलं आहे, बिनधास्त प्या.

आडवाट
खूप आभार! समुद्रकिनारा जमेल का?

नांगर
पश्चिमेचा ग्रोटे क्निप सोडून द्या. जायलाच तासभर लागतो आणि बस फार विरळ आहेत. त्याऐवजी मांबो बीच, गावापासून टॅक्सीने पंधराएक मिनिटं. नंबरप्लेटवर टीएक्स असलेलीच गाडी घ्या. मीटर नसतो, म्हणून भाडं बसण्याआधी ठरवा आणि ते गाडीमागे आहे की माणशी, हेही विचारा. टॅक्सी ५६ मीटर उंच क्वीन जुलियाना पुलावरून येते, त्यामुळे तरंगत्या पुलाची अडचण येत नाही. ड्रायव्हरला मात्र 'क्रूझ' एवढंच न सांगता मेगा पिअर की मॅथी ते नेमकं सांगा, नाहीतर आईंना उगाच चालावं लागेल.